उघाडीची फळी

दुपारची जेवणं झाली, भांडी पालथी घातली की राई गावची शेवंती म्हात्रे पदर सारखा करायची, चपला पायांत सरकवायची आणि शेतावर जायची. शेत घरापासून चाळीस पावलांवर होतं. 'सागर दर्शन' नावाच्या इमारतीच्या तळमजल्यावर, तीन नंबरच्या गाळ्यात, भिंतीकडच्या शेवटच्या कॉम्प्युटरमध्ये. त्या इमारतीच्या एकाही खिडकीतून सागराचं दर्शन होत नसे. समोर 'सागर दर्शन टू' उभी होती, तिचं मात्र व्हायचं.

गाळा शेवंतीच्या नावावर होता. तिच्या भावाने, सदूने, खाडीकाठची जमीन बिल्डरला दिली, तेव्हा बहिणीच्या सहीच्या बदल्यात तिला हा गाळा मिळाला. त्यात यतीन नावाचा पस्तिशीचा माणूस सायबर कॅफे चालवायचा. यतीन मूळचा गिरगावातला. लग्नानंतर मीरा रोडला फ्लॅट घेतला आणि तिथून रोज शेअर रिक्षा बदलत बदलत राईला यायचा. माणूस सालस, पण एकदा बोलायला लागला की थांबायचा नाही. शेवंतीला तो मावशी म्हणायचा.

एका मे महिन्यात शेवंती गाळ्यात शिरली ती फक्त एसीच्या गारव्याला. पंख्याखाली जीव नकोसा झाला होता. कोपऱ्यातल्या खुर्चीत बसल्या बसल्या तिचे डोळे मिटायला लागले आणि अर्ध्या झोपेत तिला समोर पाणी दिसलं. करडं, संथ, चिखलावरून हळूहळू वर सरकणारं. तिला वाटलं, आपण स्वप्नात आहोत. मग लक्षात आलं की ते यतीनच्या पडद्यावर आहे. ती उठून त्याच्या पाठीमागे जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "भरती लागली. तुजी उघाडी उघडी हाय."

यतीन चार महिने तो गेम खेळत होता आणि आपलं शेत दर दोन दिवसांनी का मरतं, हे त्याला चार महिने कळलं नव्हतं. उघाडी म्हणजे बांधातलं दार. ओहोटीला ते उघडायचं, शेतातलं पावसाचं पाणी खाडीत जाऊ द्यायचं. भरती लागायच्या आत फळी टाकून बंद करायचं. खाडीकाठच्या लेकराला हे चालायला लागायच्या आधी कळतं. गिरगावातल्या माणसाला इंजिनियरिंगचा डिप्लोमा करूनही कळत नाही, त्याला इलाज नाही.

गेमचं नाव इंग्रजी होतं. शेवंती त्याला 'भरती' म्हणायची आणि पुढे यतीनही तेच म्हणायला लागला. उत्तरेकडच्या कुठल्याशा थंड देशात 'लिटल जेट्टी' नावाची सात माणसांची कंपनी होती, तिने तो बनवला होता. त्यात मारामारी नव्हती, गुण नव्हते, कोणी हरत-जिंकत नव्हतं. नव्या माणसाला खाडीकाठी एक तुकडा मिळायचा, एक झोपडं आणि एक होडी. दिवसातून दोनदा पाणी चढायचं, दोनदा उतरायचं. तिथे भात नव्हतं, जव होते. शेवंतीने जवालाच भात म्हणायचं ठरवलं आणि तिचं काही अडलं नाही.

वर्षभरात तिचं शेत सगळ्या खाडीत उठून दिसायला लागलं. चौथीपर्यंत शिकलेली बाई, इंग्रजीचं एक अक्षर येत नव्हतं, पण माऊस असा धरायची की जणू हातात खुरपं आहे. तिथे तिचे चार शेजारी होते. कोण, कुठले, तिला ठाऊक नव्हतं. लगतच्या तुकड्यात पिवळ्या टोपीची एक बाई असायची. दोघी एकमेकींना हात करायच्या. कधी शेवंती तिच्या दारात एक मासा ठेवून यायची, कधी ती हिच्या दारात बटाटे. मग दोघी बांधावर बसून पाणी उतरताना बघायच्या. धुकं असायचं, एखादा बगळा एका पायावर उभा असायचा. बाहेर रस्त्यावर रिक्षावाले 'भायंदर, भायंदर' ओरडत असायचे, ते तिला लांबून, पाण्याखालून यावं तसं ऐकू यायचं. त्या तासाभरात शेवंती एकोणपन्नास वर्षांची नसायची, विधवा नसायची, कोणाची बहीणही नसायची. ती फार सुखात असायची, हे सरळच सांगून टाकलेलं बरं.

दोन हजार सातच्या ऑगस्टमध्ये एका मंगळवारी ती गाळ्यात आली, तेव्हा यतीन तोंड पाडून बसला होता. त्याच्या घरी कोणी गेलं की काय, असं वाटून ती जवळ गेली. यतीन म्हणाला, कंपनी विकली गेली. एका मोठ्या कंपनीने लिटल जेट्टी घेतली. गेमचं पुढे काय करायचं ते नंतर कळवू, असं चार ओळींचं पत्रक काढलं होतं.

गेम खेळणाऱ्यांची इंटरनेटवर एक चावडी होती. तिथे दोन दिवसांत अकरा हजार निरोप जमले होते. यतीनने गिऱ्हाईक वाऱ्यावर सोडलं आणि तिला एकेक वाचून मराठीत सांगायला बसला. कोणी लिहिलं होतं, मी रडतोय आणि माझी बायको मला हसतेय. कुठल्यातरी देशातला निवृत्त बसड्रायव्हर म्हणत होता की डॉक्टरांनी त्याला फिरायला सांगितलं होतं, गुडघे चालत नाहीत, म्हणून तो रोज या खाडीकाठी फिरतो. आता कुठे फिरू? एकीने बाळंतपणाआधीचे चार महिने अंथरुणात काढले होते ते या पाण्याकडे बघत. एकाने गेमची सीडी कात्रीने कापून फोटो लावला होता, आणि मग खाली कबूल केलं होतं की ती जादाची होती. त्या सात जणांना तर लोकांनी असं काही धुतलं होतं की यतीन ते वाचताना अडखळत होता. चोर, दगाबाज, आई विकलेले. मधूनच कोणीतरी समजूतदार माणूस लिहायचा की अजून काही बिघडलेलं नाही, धीर धरा. त्यालाही शिव्या बसायच्या.

शेवंती ऐकत होती. तिला यातलं नवं काहीच वाटत नव्हतं. राईत त्र्याण्णव साली जमिनी विकल्या गेल्या, तेव्हा लोक हेच बोलत होते, फक्त मोठ्याने बोलत होते. मग तिने यतीनला विचारलं, त्या सात जणांत भांडण झालं होतं का? यतीन म्हणाला, ते कोणी लिहिलेलं नाही, कोणी विचारलंही नाही. शेवंती म्हणाली, झालं असेल. घरात एकमेकांशी बोलणं बंद झालं की मगच जमीन जाते.

बुधवारी बातमी पुढे सरकली. चावडीवर एक बेत शिजला होता आणि बघता बघता हजारो लोकांनी त्याला होकार दिला होता. यतीनने तो तिला फार उत्साहाने सांगितला. येत्या रविवारी, आपल्याकडे संध्याकाळचे साडेसात वाजतील तेव्हा, उधाणाच्या भरतीला जगभरातल्या सगळ्यांनी आपापली उघाडी सताड उघडी टाकायची. खारं पाणी आत घ्यायचं. सगळी शेतं एका दमात मारून टाकायची. मोठ्या कंपनीला काय मिळेल? मेलेली जमीन. "मस्त आहे ना मावशी?" तो म्हणाला. "घे म्हणावं आता विकत. मी पण करणारे."

 शेवंतीने त्या दिवशी आपला कॉम्प्युटर चालूही केला नाही. घरी गेली आणि दुपारभर पडून राहिली. झोप लागली नाही, पण डोळे मिटल्यावर पाणी दिसत राहिलं, आणि ते गेममधलं नव्हतं.

ते त्र्याण्णवच्या भादव्यातलं होतं. वडील पंढरीनाथ गेले त्याला वर्ष झालं होतं आणि सदूने जमिनीचा सौदा पक्का केला होता. दसऱ्यानंतर ताबा द्यायचा होता. शेवंती नवरा गेल्यापासून माहेरीच होती. दहा वर्षं ती त्या शेतात राबली होती आणि सही करताना तिला कोणी बसायला पाटही दिला नव्हता. भात निसवायला आलं होतं, लोंब्या बाहेर डोकावू लागल्या होत्या. अनंत चतुर्दशीला सगळं गाव गणपती घेऊन बंदराकडे गेलं. टळटळीत दुपार, भादव्यातलं उधाण. शेवंती एकटीच बांधावर आली आणि तिने उघाडीची फळी काढली.

राईत फळी काढायची एक रीत होती. फळी कोणाचीही असो, काढायच्या आधी बांधावर उभं राहून तीनदा हाळी द्यायची आणि शेजारच्या शेतातून 'हो' ऐकू आलं तरच हात लावायचा. कारण उघाडी एक असली तरी तिच्यामागे आठ-दहा घरांची शेतं असायची. आतले बांध गुडघ्याएवढे; एकाच्या शेतात पाणी शिरलं की ते पुढच्याच्या शेतात जाणारच. शेवंतीने त्या दिवशी हाळी दिली नाही. पाणी आत आलं, ती बघत राहिली आणि तिला बरं वाटलं. नंतर फळी परत बसवायला गेली तर पाण्याच्या जोराने ती हातात ठरेना. ओहोटी लागेपर्यंत तिला काही करता आलं नाही. तोवर पलीकडचे विठू भोईरचे तीन तुकडे खाऱ्या पाण्याखाली गेले होते. बाकीच्यांचे सौदे झाले होते, विठूने जमीन विकलेली नव्हती. बिल्डर त्याच्याकडे चार वेळा आला होता आणि चारही वेळा चहा पिऊन परत गेला होता.

गाव म्हणालं, बांध झिरपला. शेवंतीने ते तसंच राहू दिलं. जमिनीतला खार उतरायला तीन वर्षं लागतात, विठूला तेवढी वाट बघणं झेपलं नाही. पुढच्या उन्हाळ्यात त्याने सही केली. आणि ज्याला धडा शिकवायचा होता, त्या बिल्डरला जमीन गोडी की खारी याच्याशी कर्तव्यच नव्हतं. त्याने मातीचे ट्रक आणले आणि भराव घातला.

चौदा वर्षं हे तिने कोणाला सांगितलं नव्हतं. सदूला नाही, गावदेवीपुढेही नाही. सांगितलं तर राईत राहायचं कसं, हा साधा प्रश्न होता. बायका पाणवठ्यावर बोलणार, विठूची माणसं दारात येणार. न सांगण्याची तिला सवय झाली होती. पण गेममधले आतले बांधही तसेच बुटके होते, आणि रविवारी तिथल्या खाडीत तिच्या लगत राहणारी पिवळ्या टोपीची बाई, जिच्या शेताला अजून काढणी व्हायची होती, जिने होकार दिला होता की नाही देव जाणे, तिच्यावर परत तेच पाणी जाणार होतं.

गुरुवारी सकाळीच ती गाळ्यात गेली. गिऱ्हाईक नव्हतं. यतीन फडकं मारत होता. तिने त्याला बसायला सांगितलं आणि म्हणाली, "मी बोलते तसं लिव. मधी बोलू नको."

यतीनला मध्ये न बोलण्याची सवय नव्हती, पण तिचा चेहरा बघून तो गप्प बसला. शेवंतीने सगळं सांगितलं. भादवा, फळी, हाळी न देणं, विठूचे तीन तुकडे. यतीनची बोटं दोनदा थांबली. दुसऱ्यांदा थांबली तेव्हा त्याने मान वर केली नाही, नुसतं विचारलं, हे खरंच लिहू? ती म्हणाली, लिही. शेवटी ती म्हणाली, "घेनाऱ्याला भात नको व्हतं, त्याला जागा पायजे व्हती. त्याचं काय बी गेलं न्हाय. गेलं ते शेजाऱ्याचं. राग आलाय तर रागवा, पन फळीला हात लावू नका. आनि लावायचाच असंल तर आधी हाळी द्या."

हाळीला इंग्रजीत काय म्हणायचं यावर यतीनने बराच वेळ घालवला आणि शेवटी 'तीनदा ओरडून शेजाऱ्याला विचारा' असं लिहिलं. खाली नाव काय घालू म्हणाल्यावर ती म्हणाली, माझंच घाल. शेवंती म्हात्रे, राई.

पहिले दोन तास कोणीच उत्तर दिलं नाही. मग एकाने लिहिलं की हा त्या मोठ्या कंपनीचाच माणूस असणार, नाव बदलून आलाय. यतीन इतका भडकला की त्याने स्वतःच्या नावाने अर्धं पान उत्तर लिहिलं. संध्याकाळपर्यंत लोक वाचू लागले होते. बसड्रायव्हरने लिहिलं, मी माझी फळी काढणार नाही, मी म्हातारा आहे, मला शेत परत उभं करायला वेळ नाही. शुक्रवारी दोन तट पडले. काहीजण म्हणाले, खेळाची जमीन आणि खरी जमीन यांत फरक करा. काहींनी लिहिलं, आमच्या शेजाऱ्याला आम्ही विचारलं आणि तो नको म्हणाला. एका बाईने मूळ बेत आखणाऱ्यालाच विचारलं, तुझ्या पलीकडे कोण राहतं, ठाऊक आहे का तुला? त्याला ठाऊक नव्हतं.

रविवारी संध्याकाळी शेवंती पहिल्यांदाच दिवेलागणीनंतर गाळ्यात बसली. यतीनने शटर अर्धं ओढलं. साडेसात वाजता पाणी चढायला लागलं. लांब, धुक्यात, दुसऱ्या खाड्यांमध्ये काही शेतं चकाकू लागली. तिथे पाणी शिरलं होतं. तिच्या खाडीत मात्र एक वेगळीच गोष्ट झाली. पिवळ्या टोपीची बाई आपल्या बांधावर आली आणि तिने तीनदा हात वर केला. मग पलीकडचा, मग त्याच्या पलीकडचा. सगळे बांधावर उभे राहून तीन-तीनदा हात करत होते आणि फळीला कोणी हात लावत नव्हतं. यतीनचा गेममधला माणूसही, काळे कपडे घातलेला, तसाच उभा होता. पाणी बांधाला टेकलं, थोडा वेळ तिथेच डुचमळलं आणि उतरायला लागलं. शेवंतीच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि तिने ते पुसलं नाही. अंधाऱ्या गाळ्यात पडद्याच्या उजेडात बसून ती कितीतरी वेळ ती ओहोटी बघत राहिली.

गेम वाचला नाही, हे इथेच सांगायला हवं. मोठ्या कंपनीने पुढच्या मार्चमध्ये तो बंद केला. त्या सात जणांपैकी दोघांनी चावडीवर येऊन माफी मागितली आणि आमच्यात दोन वर्षं बोलणं नव्हतं, असंही लिहून गेले. पण त्या रविवारी हे कोणालाच माहीत नव्हतं.

सोमवारी दुपारी यतीन तिला आलेले निरोप वाचून दाखवत होता. तीनशेच्या वर होते. कोणी धाडसी बाई म्हटलं होतं, कोणी आभार मानले होते. यतीन रंगात येऊन वाचत होता, शेवंती अर्धवट ऐकत होती, तिला सुखाची गुंगी आल्यासारखं झालं होतं. तेवढ्यात त्याने एक छोटासा निरोप वाचला. पिवळ्या टोपीच्या बाईचा होता, तशी तिने ओळख दिली होती. तिने एवढंच विचारलं होतं, विठू काय म्हणाला?

यतीनने उत्तर लिहायला कीबोर्ड जवळ ओढला. त्याने शेवंतीकडे पाहिलं. शेवंतीची गुंगी उतरली होती. सगळ्या दुनियेला सांगून झालं होतं आणि विठू भोईर रस्त्याच्या पलीकडे 'सागर दर्शन टू'च्या बदामाखाली बसला होता. ती म्हणाली, थांब, लिहू नकोस. आणि उठली.

विठू आता सत्तरीला टेकला होता. जमिनीच्या बदल्यात मिळालेल्या खोलीत मुलासोबत राहायचा आणि दुपारी खाली येऊन कोणाची ना कोणाची फाटकी जाळी विणत बसायचा. शेवंती त्याच्यासमोर जमिनीवरच बसली. 'आज पाऊस नाही' अशी सुरुवात तिने केली नाही, की तब्येत विचारली नाही. अनंत चतुर्दशीची फळी मी काढली होती, एवढंच आधी सांगितलं, आणि मग बाकीचं.

विठूची सुई थांबली. त्याने जाळं मांडीवरून बाजूला काढलं. एक रिक्षा आली, उतारू उतरले, रिक्षा गेली. शेवंती वाट बघत होती की आता तो ओरडेल आणि खिडक्यांत बायका गोळा होतील. त्यासाठी तिने मन घट्ट केलं होतं.

"त्या साली बांध मी लिपलेला," विठू म्हणाला. "ज्येष्ठात. माजीच पाळी व्हती. गाव बोललं झिरपला, मंग झिरपला. जितेश अजून बोलतो, बाबा, तुमच्या हातानं जमीन गेली." त्याने सुई जाळ्यात खोचली. "मी पन तेच समजत व्हतो."

शेवंतीला हे ठाऊक नव्हतं. तिला वाटत होतं, आपण विठूची जमीन घेतली. त्याच्या घरात, रोजच्या ताटावर, चौदा वर्षं काय वाढलं जात होतं, ते तिला आत्ता कळत होतं. तिने हात जोडले. विठूने त्या हातांकडे पाहिलं नाही.

"तो वर हाय," तो म्हणाला. "आज नाइट ड्युटी हाय त्याची. त्याला सांगशील?"

शेवंतीने कितवा मजला म्हणून विचारलं. दुसरा, तो म्हणाला. तिने त्याला उठायला हात दिला आणि तो तिने दिलेला हात धरून उठला. जिना अरुंद होता, म्हणून ती पुढे आणि तो मागे असे दोघं चढले. दार जितेशनेच उघडलं, झोपेतून उठल्यासारखा, हातात टॉवेल.

"तुज्या बापानं बांध नीट लिपलेला," शेवंती उंबऱ्याबाहेरूनच म्हणाली.